मूल्यांतून राजकीय मत कसं घडतं: अकरावीच्या वर्गात हे कसं घ्यावं?

प्रश्न: चौथी_तासिका

नमस्कार मंडळी. अकरावी कला शाखेच्या राज्यशास्त्राच्या वर्गासाठी एक छोटा उपक्रम आखायचा आहे. आपलं राजकीय मत कुठल्या मूल्यांवर उभं आहे, हे मुलांनी स्वतः शोधून काढावं, एवढाच हेतू. कुणाचं मत बदलायचं नाही.

परिस्थिती अशी. पट ६४. बाक जमिनीला ठोकलेले, तिघे-तिघे बसतात. तासिका ३५ मिनिटांची, म्हणजे हजेरी वगळून ३०. अशा चार तासिका मिळतील. प्रोजेक्टर नाही. झेरॉक्ससाठी पैसे जवळजवळ नाहीतच.

तीन अडचणी आताच दिसतात. "तुझं मत काय?" असं विचारलं की घरी ऐकलेलं किंवा मोबाइलवर आलेलं वाक्य जसंच्या तसं बाहेर पडतं. "का?" विचारलं की तेच वाक्य जरा मोठ्या आवाजात येतं. आणि शांत मुलं आधी शिक्षकांच्या चेहऱ्याकडे बघतात, मग बोलतात. कुठला प्रश्न घ्यावा, कोणत्या क्रमानं, आणि कुठे फसतं, हे नेमकेपणानं सांगाल का?

उत्तर: खडू_फळा

चार तासिका पुरतात, पण चारही तासिकांत एकच प्रश्न घ्या. रोज नवा विषय घेतला की मुलं मतं मांडत राहतात आणि मुळाशी जायला वेळच उरत नाही.

मी बैलगाडा शर्यतींचा प्रश्न सुचवेन: शर्यतींना परवानगी असावी का? विदर्भात असाल तर शंकरपट म्हणा. हा प्रश्न निवडण्याचं मुख्य कारण म्हणजे यात पक्षाची तयार ओळ हाताशी नसते. शर्यतींना मोकळीक देणारी कायदादुरुस्ती २०१७ची, एका सरकारच्या काळातली. २०२१मध्ये सर्वोच्च न्यायालयात तिची बाजू मांडली ती वेगळ्या आघाडीच्या सरकारनं. त्यामुळे "आमचे साहेब काय म्हणतात" यावरून मत ठरवता येत नाही, मुलाला स्वतःच्या आत बघावं लागतं.

पहिली तासिका. दार लावल्याबरोबर, एक शब्दही न समजावता, प्रत्येकाला वहीच्या अर्ध्या पानावर तीन गोष्टी लिहायला सांगा: असावी / नसावी / अटींसह असावी; त्याचं एक कारण; आणि आपल्याला किती खात्री आहे त्याचा १ ते ५ आकडा. पाच मिनिटं. कागद चार घड्या घालून स्वतःच्याच वहीत ठेवायचा. तुम्ही तो गोळा करायचा नाही, आणि हे आधीच मोठ्यानं सांगायचं. गोळा होणार म्हटलं की लिहिलं जातं ते तुमच्यासाठी.

मग फळ्यावर घटनाक्रम. प्राण्यांना क्रूरतेनं वागवण्यास प्रतिबंध करणारा केंद्राचा कायदा १९६०चा. ७ मे २०१४ला सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी जल्लीकट्टूसह (तमिळनाडूतला बैलाला आवरण्याचा खेळ) बैलांच्या शर्यती बंद केल्या. २०१७मध्ये महाराष्ट्रानं दुरुस्ती केली. १६ डिसेंबर २०२१ला न्यायालयानं अटींसह तात्पुरती परवानगी दिली. १८ मे २०२३ला पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठानं तमिळनाडू, कर्नाटक आणि महाराष्ट्र यांचे कायदे वैध ठरवले. इथे एक बारकावा जरूर सांगा. एखादी प्रथा संस्कृतीचा भाग आहे की नाही हे न्यायालयानं नव्हे, विधिमंडळानं ठरवावं, असं घटनापीठानं म्हटलं. म्हणजे मूल्याचा प्रश्न न्यायाधीशांनीही लोकप्रतिनिधींकडे, पर्यायानं मतदारांकडे, परत पाठवला. तो मतदार दोन वर्षांनी याच बाकावरून उठून जाणार आहे. या तासिकेत वाद घालू द्यायचा नाही.

दुसरी तासिका. प्रत्येकानं वहीचं एक पूर्ण पान घ्यायचं, उभ्या बाजूनं तीन आणि आडव्या बाजूनं चार भाग पडतील अशा घड्या घालून फाडायचं. बारा चिठ्ठ्या होतात, खर्च शून्य. फळ्यावरची बारा मूल्यं प्रत्येक चिठ्ठीवर एक अशी उतरवायची. नुसता शब्द नको, सोबत एक साधं वाक्य हवं:

परंपरा (वाडवडिलांनी चालवलेलं मोडू नये), करुणा (मुक्या जिवाला त्रास होऊ नये), स्वातंत्र्य (माझ्या दावणीचं काय करायचं ते मी ठरवेन), कायद्याचा मान (नियम आवडो न आवडो, पाळावा), गावाची एकी, श्रद्धा (ग्रामदैवताची जत्रा रीतीप्रमाणे व्हावी), पोटापाण्याची शाश्वती, नावलौकिक, साहस, सुरक्षितता (कुणाचा जीव धोक्यात येऊ नये), न्याय (सगळ्यांना एकच माप), पुढच्या पिढीची जबाबदारी.

आता आधी चार चिठ्ठ्या बाजूला काढायच्या, ४ मिनिटांत. मग आणखी चार, ५ मिनिटांत. उरलेल्या चार क्रमानं लावायच्या, ६ मिनिटं. "बाजूला काढलेलं मूल्य वाईट नाही, फक्त दोन्ही एकदम मिळत नसतील तर ते मागे राहील" हे वाक्य तीनदा तरी म्हणा, नाहीतर मुलं अपराधी चेहऱ्यानं बसून राहतात आणि चिठ्ठी सोडत नाहीत. सगळं काम इथे आहे. मूल्यांची यादी सगळ्यांची सारखीच असते, माणसं वेगळी होतात ती क्रमामुळे.

तिसरी तासिका. फळ्यावर तीन रकाने: माहिती, मूल्य, मत. मुलं कारणं सांगतील, तुम्ही ती कुठल्या रकान्यात टाकायची हे वर्गाला विचारायचं. "पराणी टोचतात, शेपटी पिरगाळतात, बॅटरीचा शॉक देतात" ही माहिती आहे, खरी-खोटी तपासता येते. "करमणुकीसाठी जनावराला पळवूच नये" हे मूल्य. पण पुष्कळ वाक्यांत दोन्ही मिसळलेलं असतं. ते सोडवायला मी ज्याला 'तरीही' चाचणी म्हणतो ती वापरा. शर्यत नको म्हणणाऱ्याला विचारा: प्रत्येक बैल पशुवैद्यकानं तपासला, पराणी नाही, शॉक नाही, तरीही नको? तो "मग चालेल" म्हणाला तर त्याचा विरोध माहितीवर उभा होता. "तरीही नको" म्हणाला तर मूल्यावर. बाजूनं बोलणाऱ्यालाही तेच: शर्यतीशिवायही बैलांची खिल्लार जात टिकते असं सिद्ध झालं, तरीही हवी? "तरीही हवी" म्हणाला तर त्याचं खरं कारण खिल्लार नव्हतं, परंपरा किंवा नावलौकिक होतं. आणि त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही, हे लगेच म्हणा.

या तासिकेत आणखी एक गोष्ट आपोआप वर येते: बैलावरची माया दोन्ही बाजूंना असते. एक म्हणतो, माया आहे म्हणून पळवू नका. दुसरा म्हणतो, माया आहे म्हणून तर वर्षभर पोराच्या तोंडचं दूध-तूप त्याला घालतो. मूल्य एकच, मतं उलटी. "मूल्य कळलं की मत ओळखता येतं" हा समज इथेच मोडायला हवा.

चौथी तासिका. चौघांचा गट, दोन विरुद्ध दोन. ठोकलेल्या बाकांवर पुढच्या बाकावरच्या दोघांनी मागे वळून बसायचं. बाकावर तिघे असतील तर तिसऱ्याकडे घड्याळ आणि नोंद. पहिली जोडी ४ मिनिटं बाजू मांडते. ऐकणारी जोडी तीच बाजू आपल्या शब्दांत परत सांगते, समोरचे "हो, हेच म्हणायचं होतं" म्हणेपर्यंत. मग उलट. मग बाजूंची अदलाबदल, ३-३ मिनिटं. शेवटी बाजू सोडून चौघांनी एकच ओळ लिहायची: आपला मतभेद माहितीचा आहे की मूल्यांच्या क्रमाचा? ही पद्धत अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठाच्या डेव्हिड आणि रॉजर जॉन्सन या भावांनी मांडली. तिचा कणा म्हणजे अदलाबदल. वेळ कमी पडतो म्हणून नेमकी तीच गाळली जाते आणि उरते ती नेहमीची वादविवाद स्पर्धा. आपल्याकडे त्या स्पर्धेची सवय एवढी पक्की आहे की मुलं उभी राहून "आदरणीय व्यासपीठ" सुरू करतात. बसूनच बोलायचं, हातवारे नाहीत, टाळ्या नाहीत, असा नियम घाला.

शेवटची तीन मिनिटं पहिल्या दिवशीची घडी उघडायची आणि खाली पुन्हा खात्रीचा आकडा लिहायचा. कुणाचं मत बदललं यासाठी हात वर करायला सांगू नका. मत तेच राहून आकडा ५ वरून ३ वर आला, हेही पुष्कळ झालं.

उत्तर: सभागृहाचं_पान

खडू_फळा यांची 'तरीही' चाचणी उत्तम आहे, ती प्रत्येक वर्गात वापरावी. दोन बाबतींत मात्र माझं मत वेगळं आहे.

पहिली बाब क्रमाची. पहिल्या दिवशी मत लिहून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी चिठ्ठ्या लावल्या, तर मुलं मताला शोभेल असा क्रम लावतात. शर्यत हवी असं लिहिलेल्याच्या हातात परंपरेची चिठ्ठी आपोआप वर येणार. शिवाय "मुका जीव" आणि "दावण" या शब्दांतून विषय उघड होतो. चिठ्ठ्या आठवडाभर आधी, विषय न सांगता, तटस्थ वाक्यांनी घ्या. क्रम वहीच्या शेवटच्या पानावर तारखेसह लिहून ठेवायला सांगा. मग आठ दिवसांनी मत. तेव्हा जो मेळ किंवा विसंगती दिसेल ती खरी असेल.

दुसरी बाब विषयाची. वर्गात ज्यांच्या घरी शर्यतीचे बैल आहेत अशी चार मुलं असली की बाकीचे गप्प होतात. हीच अडचण आजच्या जवळजवळ प्रत्येक प्रश्नाची. अशा वेळी जुनी, नोंद असलेली चर्चा घ्यावी. संविधान सभेत २४ नोव्हेंबर १९४८ला दारूबंदीवर झालेली चर्चा या कामासाठी फार उपयोगी आहे. मसुद्यातलं कलम ३८, आजचं कलम ४७. महावीर त्यागी यांनी मादक पेयांच्या बंदीचा उल्लेख घालण्याची सुधारणा मांडली. मद्रासकडचे व्ही. आय. मुनिस्वामी पिल्ले यांनी दलित, कष्टकरी घरांची दारूनं होणारी धूळधाण सांगून तिला पाठिंबा दिला. कोल्हापूरचे बी. एच. खर्डेकर यांनी व्यक्तिस्वातंत्र्याच्या मुद्द्यावर विरोध केला. जयपालसिंह मुंडा यांनी आदिवासींच्या पूजाविधीत आणि शेतीच्या कष्टात तांदळाच्या बियरचं स्थान काय आहे ते सांगून विरोध केला. मुंबई प्रांताचे प्रमुख बाळासाहेब खेर यांनी स्वातंत्र्याच्या मुद्द्याला उत्तर देत बंदीची बाजू घेतली. एकाच सभागृहात, एकाच दिवशी, चार-पाच वेगळी मूल्यं. आणि विरोध करणारे दोघे दोन अगदी वेगळ्या कारणांनी विरोध करतात! मुलांना हे दिसलं पाहिजे. एका बाजूला उभी असलेली माणसं एकाच मूल्यानं तिथे आलेली नसतात.

करायचं असं. प्रत्येक भाषणाचा साध्या मराठीत सुमारे १२० शब्दांचा गोषवारा तुम्ही स्वतः लिहा. नाव, प्रांत, जात, धर्म काहीही टाकू नका. मात्र जयपालसिंहांच्या गोषवाऱ्यातून पूजाविधी काढू नका, मुद्दाच निघून जाईल. चार गोषवारे, बाकागणिक एक. ६४ मुलांत २२ बाक धरले तर प्रत्येक गोषवाऱ्याच्या पाच-सहा प्रती लागतात, एका ए-चार कागदावर दोन बसतात, म्हणजे सगळे मिळून ११-१२ कागद. बाकानं दोनच गोष्टी शोधायच्या: बोलणाऱ्यानं कोणतं मूल्य सगळ्यांत वर ठेवलं, आणि कोणतं मूल्य मान्य करूनही मागे ठेवलं. दुसरा प्रश्न अवघड आहे, त्याला वेळ द्या. नावं शेवटी सांगा. आधी सांगितलीत तर मुलं माणसाला प्रतिसाद देतात, मुद्द्याला नाही.

मग आजच्या महाराष्ट्रात या. वर्धा आणि गडचिरोली जिल्ह्यांत दारूबंदी आहे. चंद्रपूरला ती २०१५मध्ये आली आणि २०२१मध्ये उठवली गेली. गावातलं दुकान बंद करण्यासाठी बायकांचं मतदान होतं, त्यात मतपत्रिकेवर उभी बाटली आणि आडवी बाटली अशी चिन्हं असतात. इथे विचारा: "काय प्यायचं ते माझं मी ठरवेन" म्हणणारा आणि "संध्याकाळी घरात न घाबरता राहता यावं" म्हणून आडव्या बाटलीवर शिक्का मारणारी, दोघंही स्वातंत्र्यच मागत आहेत ना? एकाच शब्दाचे हे दोन अर्थ वर्गानं स्वतः वेगळे केले, तर पूर्ण तासिका त्यावर गेली तरी चालेल.

चौथी_तासिका

दोघांचेही मनापासून आभार. आठवडा आधी चिठ्ठ्या, हे पटलं. आणखी तीन शंका. एक, न्याय, समता, देशप्रेम हे शब्द फळ्यावर आले की सगळे तेच निवडतील आणि चिठ्ठ्या एकसारख्या दिसतील. दोन, "तुमचं मत काय?" असं मुलांनी मलाच विचारलं तर? तीन, वरिष्ठ विचारतील की याला गुण कसे देणार.

उत्तर: दहा_चिंचोके

पहिल्या शंकेबद्दल. एकसारख्या चिठ्ठ्या येतात कारण ते शब्द पाठ्यपुस्तकाच्या पहिल्या पानावर आहेत आणि परीक्षेत ते लिहिल्यावर गुण मिळतात. शब्द काढू नका, फोडा.

'न्याय' घ्या. फळ्यावर लिहा: शिष्यवृत्तीचे ६,००० रुपये, विद्यार्थी तीन. एकाला ८८ टक्के, घरी बरं चाललंय. दुसरीला ६१, वडील नाहीत, आई मजुरीला जाते. तिसऱ्याला ५४, पण तो रोज पहाटे पेपर टाकून मग कॉलेजला येतो. वाटणी करा आणि एका ओळीत कारण लिहा. काही जण २,००० प्रत्येकी देतील, काही गरजेप्रमाणे, काही गुणांप्रमाणे, काही कष्टाप्रमाणे. सगळे म्हणतील, न्याय केला. मग फळ्यावर 'न्याय' खोडून चार शब्द लिहायचे: सारखेपणा, गरज, गुणवत्ता, कष्ट. चिठ्ठ्यांवर आता हे चार जातील. 'देशप्रेम' असंच फोडता येतं: सीमेचं रक्षण, कर आणि नियम पाळणं, इथल्या माणसांची काळजी, चुकत असेल तिथे बोलणं.

यानंतर चिंचोके. जोडीला दहा. ६४ मुलांच्या ३२ जोड्या, म्हणजे ३२० चिंचोके, भाजीबाजारात सहज मिळतात. शहरात नसतील तर राजमा. काड्या नकोत, काड्यांशी खेळ सुरू होतो. प्रश्न एसटीचा घ्या, कारण निम्मा वर्ग रोज तिनंच येतो: एसटीनं भाड्यात सवलत कुणाला द्यावी? पंचाहत्तरीपुढच्यांना २०२२पासून मोफत प्रवास आहे, महिलांना मार्च २०२३पासून निम्मं भाडं. वहीच्या पानावर चार चौकोन: सारखेपणा, गरज, गुणवत्ता, कष्ट. सवलत ठरवताना कशाला किती वजन द्यायचं तेवढे चिंचोके त्या चौकोनात. एका चौकोनात जास्तीत जास्त सहा, रिकामा ठेवला तरी चालेल. चार मिनिटं झाली की सांगा: तोटा वाढला, आता तीन चिंचोके परत करा. कुठून उचलले त्याची नोंद. पहिल्या फेरीत माणूस चांगला दिसण्यासाठी वाटतो. उचलताना मात्र त्याला खरंच ठरवावं लागतं.

एक खबरदारी. इंटरनेटवर चाचण्या मिळतात, वीस-तीस प्रश्नांनंतर "तुम्ही डावे" किंवा "तुम्ही उजवे" असं लेबल देतात. त्या वर्गात आणू नका. बरेच प्रश्न परदेशातल्या वादांवर बेतलेले असतात, आणि लेबल मिळालं की मूल शोध थांबवून त्या लेबलाची राखण करू लागतं. त्याऐवजी इस्रायली मानसशास्त्रज्ञ शालोम श्वार्ट्झ यांची १९९२ची मांडणी तुमच्या स्वतःच्या तयारीसाठी उपयोगी पडेल. त्यांनी दहा प्रकारची मूल्यं एका वर्तुळात मांडली. शेजारची मूल्यं एकमेकांना धरून असतात, समोरासमोरची एकमेकांना ओढतात. स्वतःच्या मनानं चालणं आणि साहस एका बाजूला, तर परंपरा, शिस्त, सुरक्षितता त्यांच्या समोर. सर्वांचं भलं आणि जवळच्यांची काळजी एका बाजूला, तर सत्ता आणि यश समोर. वर्गात सिद्धांत सांगत बसू नका. फक्त ज्याच्या पहिल्या चारांत समोरासमोरची दोन मूल्यं आली आहेत, त्याला विचारा: या दोघांचं शेवटचं भांडण कधी झालं, आणि कोण जिंकलं? उत्तर वहीत लिहू दे, मोठ्यानं नको.

उत्तर: पालकसभा

उरलेल्या दोन शंका.

तुमचं मत विचारलं तर "चौथी तासिका संपल्यावर सांगेन" असं पहिल्याच दिवशी जाहीर करा आणि खरंच सांगा, पण याच साच्यात: माझं मत, त्यामागचं मूल्य, त्यामागची माहिती, आणि कोणती माहिती खोटी निघाली तर मी मत बदलेन. "मला मतच नाही" असं म्हणू नका. मुलांना ते खोटं आहे हे कळतं, आणि मत लपवायची गोष्ट आहे असा धडा जातो. जर्मनीतल्या राजकीय शिक्षणात १९७६पासून बॉयटल्सबाख सहमतीचे तीन नियम मानले जातात: विद्यार्थ्यावर मत लादायचं नाही, समाजात जे वादग्रस्त आहे ते वर्गातही वादग्रस्त म्हणूनच मांडायचं, आणि विद्यार्थ्याला स्वतःची स्थिती आणि हित ओळखून वागता यावं. आपल्या वर्गाला हे तिन्ही जसेच्या तसे लागू पडतात.

पण दुसऱ्या नियमाची मर्यादा ओळखा. संविधानाच्या कलम १७नं अस्पृश्यता नष्ट केली. तो प्रश्न आता दोन बाजूंचा नाही, त्यावर चिठ्ठ्या लावायच्या नाहीत. बायकांना मतदानाचा हक्क असावा का, अमक्या धर्माच्या लोकांनी इथे राहावं का, हेही प्रश्न वर्गाच्या टेबलावर ठेवायचे नाहीत, कारण त्यात समोरच्या बाकावरच्या मुलीचं किंवा मुलाचं माणूसपणच चर्चेला येतं. कुणी तसं बोललं तर 'तेही एक मत' म्हणून फळ्यावर लिहू नका. तिथेच थांबवा, कारण सांगा, आणि तासिकेनंतर त्या मुलाशी एकट्यानं बोला. आरक्षण हा खुला धोरण-प्रश्न आहे, पण पहिल्या उपक्रमासाठी नको. त्यात प्रत्येकाची जात उघडी पडते आणि मूल्यांपर्यंत कुणी पोचत नाही.

जात, धर्म, घरच्यांचं मत कुणाला, हे कधीही विचारायचं नाही, विनोदानंसुद्धा नाही. वहीचं शेवटचं पान तुम्ही तपासायचं नाही. आचारसंहिता लागू असेल तर उपक्रम पुढे ढकला. मुख्याध्यापक आणि पालकांना आधीच चार ओळींची सूचना द्या: विषय काय, पक्ष-नेत्यांची नावं येणार नाहीत, मतावर गुण नाहीत, वह्या खासगी राहतील. तक्रार बहुधा विषयामुळे येत नाही. मूल घरी अर्धवट सांगतं त्यामुळे येते.

गुण दहा, तेही वेगळ्या एका पानाच्या लेखनावर. स्वतःच्या मतामागचं मूल्य नेमकं ओळखलं का, २. माहिती आणि मूल्य वेगळं केलं का, ३. विरुद्ध बाजूचं मूल्य त्या बाजूच्या माणसाला मान्य होईल अशा शब्दांत लिहिलं का, ३. कशामुळे मत बदलेल ते सांगितलं का, २. कोणती बाजू घेतली याला शून्य, आणि हे शून्य फळ्यावर लिहून दाखवा. तिसऱ्या निकषात मुलं सर्वांत जास्त गुण गमावतात. "त्यांना पैसे मिळतात म्हणून ते तसं म्हणतात" हे मूल्य नाही, आरोप आहे. त्याला गुण देऊ नका.

उत्तर: खडू_फळा

सभागृहाचं_पान, क्रमाबद्दलचं तुमचं म्हणणं मान्य. चिठ्ठ्या आठवडा आधी, आणि माझ्या यादीतली वाक्यं अशी बदलावीत: करुणा, "जो स्वतःसाठी बोलू शकत नाही त्याला त्रास होऊ नये", स्वातंत्र्य, "माझ्या गोष्टींचा निर्णय माझा". दुसरी तासिका त्यामुळे मोकळी झाली, तर ती शिष्यवृत्तीच्या वाटणीला आणि चिंचोक्यांना द्या.

एक भर घालतो, नाहीतर उपक्रम मुलांना अर्धंच खरं शिकवेल. प्रत्येक मत मूल्यातून येत नाही, काही हितसंबंधातून येतात. ऑगस्ट २०२३मध्ये कांद्यावर ४० टक्के निर्यातशुल्क लागलं, डिसेंबरात निर्यातबंदी आली, ती मे २०२४मध्ये उठली. लासलगावच्या शेतकऱ्याचं आणि मुंबईच्या गृहिणीचं यावरचं मत वेगळं असेल, पण त्यांच्या चिठ्ठ्यांचा क्रम कदाचित तंतोतंत एकच निघेल: घर चालावं. म्हणून 'तरीही'च्या जोडीला दुसरी चाचणी ठेवा, 'जागा बदल': तू त्यांच्या जागी असतास तर हेच म्हणाला असतास? "नाही" आलं तर बहुधा हितसंबंध. "हो, तरीही हेच" आलं तर मूल्य. हितसंबंध म्हणजे स्वार्थ, असं मुलांना वाटू देऊ नका. ज्याचं पीक शेतात उभं आहे त्यानं भावाबद्दल बोलणं यात कमीपणा नाही.

फळ्यावर तिसऱ्या तासिकेला तीनऐवजी चार रकाने आखा: माहिती, मूल्य, हित, मत. हिताचा रकाना पहिले दहा मिनिटं रिकामाच राहील. तो भरायची घाई करू नका. कुणीतरी एक जण "सर, आमच्या घरी..." असं म्हणून सुरुवात करतो, मग रकाना भरायला वेळ लागत नाही. फक्त तेवढ्या वाक्यासमोर नाव लिहू नका.